जिन्यातला दिवा कुणाच्या मीटरवर

— अरे अरे, पक्कड खाली ठेव आधी! बोलता बोलता हात कुठं चालला तुझा? मी ‘काप’ म्हटलं म्हणून काय लगेच कापायचं? माणसानं पुढचं ऐकून घ्यावं. बस त्या झोपाळ्यावर. बस रे, मोडत नाही तो, आमचे हे एवढे आडवे गृहस्थ जन्मभर त्याच्यावर बसले — झोपाळा धड आहे, तेच गेले. बस. डाळ उकळतेय माझी, गूळ पडलाय, मीठ पडायचंय अजून, तोवर मला इथून हलता येत नाही आणि मी हलल्याशिवाय तुला त्या जिन्याशी जाता येणार नाही. तर काय विचारत होतास? जिन्यातला दिवा कुणाच्या मीटरवर घेऊ, खालच्या की वरच्या? हा काय प्रश्न झाला, कल्पेशभाई? कल्पेशच ना नाव? जिना माझ्या दारातून चढतो, म्हणजे दिवा माझा. माझ्या मीटरवर घे, आणि वरच्या मजल्यावर त्याच दिव्याचं दुसरं बटण आहे ना, ते उपटून टाक. झालं. वर माझी धाकटी जाऊ राहते, दमयंती. तिला चढू दे अंधारात — ए, उठू नकोस! कधी उठायचं ते मी सांगते.

मला सगळं समजलंय, मी काही अडाणी नाही. केतननं तुला पाठवलं. केतन म्हणजे तिचा मुलगा, बडोद्याला असतो, मोठा साहेब झालाय. मी त्याची मोठी काकू, लहानपणी ‘भाभु, भाभु’ करत माझ्या पदराला लोंबकळायचा, माझ्या हातचे ठेपले खाल्ल्याशिवाय शाळेत जायचा नाही, आणि परवा फोनवर म्हणतो, भाभु, वरचं मीटर वेगळं करतोय, वरची एक तार खाली नको आणि खालची एक तार वर नको. मी म्हटलं, कर बाबा. कशाला, ते विचारलं नाही. मी का विचारू? जिचं वर आहे तिनं सांगावं की नाही? पण सांगणार कशी, आमचं बोलणं नाही. नाही म्हणजे नाहीच, कितीतरी वर्षं. त्याच्या आधी आम्ही काय एका ताटात जेवत होतो असंही नाही — म्हणजे जेवत होतो, एकादशीचा फराळ एकाच ताटात घ्यायचो, पण ते वेगळं. तू भेटलास ना तिला आत्ता? काय म्हणाली? काही नाही म्हणाली ना? तेच तर! ती काही म्हणत नाही. तिला जे म्हणायचं होतं ते ती एकदाच म्हणाली, आणि ते असं म्हणाली की मी अजून विसरले नाही.

आधी तू घर नीट बघ, म्हणजे तुला कळेल. वर माळ्यावर चढलास तर तिथं अजून चिनी मातीच्या गुट्ट्या आहेत. आमच्या आजेसासऱ्यांच्या वेळच्या. या पोळमध्ये, अख्ख्या गल्लीत, लोक कंदील पुसत बसले होते तेव्हा त्यांनी वीज घेतली, काय ऐट! दोन तारा गुट्ट्यांतून गेलेल्या, भिंतीपासून सुटलेल्या, उघड्या उघड्या. मी लग्न होऊन आले, मला वाटलं कपडे वाळत घालायची सोय आहे. घातला की मी ओला रुमाल! सासूबाई अशा ओरडल्या की चबुतऱ्यावरची सगळी कबुतरं उडाली. पुढं सासऱ्यांनी त्या तारा उतरवल्या आणि ही सागवानी पट्टी मारून घेतली — ही, तुझ्या डोक्यावरून गेलीय ती, जिन्यात वळलीय ती. बघ किती सरळ आहे, जरा कुठं वाकडी नाही. पत्र्याच्या क्लिपा एकेक बोट मोजून ठोकल्यात. सुतार आणि वायरमन दोघं शेजारी शेजारी बसून काम करत होते, आणि सासरे खुर्ची टाकून समोर. मग आमच्या ह्यांना हौस, त्यांनी या खोलीत प्लास्टिकची ती पांढरी पट्टी लावली, झाकणवाली. पांढरी कसली, वर्षभरात पिवळी झाली, झाकण उघडलं की आत झुरळांचा संसार, नातवंडांसकट. ह्यांना मी म्हटलं, तुम्ही ही तारेसाठी केलीत की त्यांच्यासाठी?

आणि वर दमयंतीबाईंकडे? कन्सील! सगळं भिंतीच्या आत, पाइपातून. केतनला पहिली नोकरी लागली आणि हिला कन्सीलचं वेड लागलं. काय ती गुळगुळीत भिंत, तार दिसेल तर शपथ! मी म्हटलं, अगं, उद्या आत काही जळलं तर कुठं जळलं ते कळणार कसं? सगळी भिंत फोडत बसशील? तर म्हणते, ‘मोटाभाभी, बाहेर लोंबकळलेलं मला आवडत नाही.’ बरोबर आहे, तिचं सगळं आतच असतं. तिचा नवरा गेला, माझा दीर, तेव्हाही ही बाई चार लोकांत रडली नाही. मी रडले. एवढी रडले की लोक मलाच धरायला आले. माझं हे असं आहे, पट्टीवरचं — ठिणगी कुठं उडाली ते सगळ्या पोळला दिसतं. तिचं भिंतीत. वास आला तरच समजायचं.

तर भांडण. तू विचारलं नाहीस, पण सांगते. त्या कन्सीलसाठी तिच्या घरात किती दिवस छिन्नी-हातोडा चालला! माझं छत तिची जमीन, माझ्या छताचा चुना हलला. आणि आलं उत्तरायण. तुला काय सांगायचं, तू इथलाच आहेस, सगळी पोळ गच्च्यांवर, पोरांची जिन्यातून वर-खाली पळापळ, पतंग, फिरकी, आरडाओरडा. माझ्याकडे चाळीस पानं — म्हणजे तीस असतील. ह्या एवढ्या पातेल्यात उंधियू. रताळी, कंद, पापडी, मुठिये, पहाटेपासून खपले होते मी. मी झाकण काढलं मात्र, आणि वरून बद्दकन एक चुन्याचा पोपडा थेट पातेल्यात! असा राग आला मला! जिन्याच्या तोंडाशी गेले आणि ओरडले, दमयंती, तुझ्या कन्सीलनं माझ्या उंधियूत चुना घातला! बास, एवढंच. आणि ती वरून, नणंद, नणंदेचे मिस्टर, व्याही, विहीण, सगळ्यांच्या देखत काय म्हणाली माहितेय? ‘मोटाभाभी, तेवढा चुना काढा आणि वाढा. तुमच्या उंधियूत मीठ कधी असतं, चुन्यानं जरा चव येईल.’

हसतोस? हस. सगळेच हसले. आमचे हे सुद्धा हसले, ह्या झोपाळ्यावर बसून, पोट धरून. आता मला सांग, माझ्या हाताला मीठ कमी पडतं का? पडत असेल एखाद वेळी — हे असते तर म्हणाले असते, रोजच — पण ते जिन्यातून ओरडून सांगायचं असतं? व्याह्यांसमोर? मी तिथंच सांगितलं, आजपासून तुझं-माझं बोलणं बंद, आणि तुझी छिन्नी माझ्या जिन्याच्या भिंतीला लागता कामा नये! म्हणून जिन्यात ही सासऱ्यांची पट्टी राहिली. वर कन्सील, खाली झुरळं, आणि मध्ये ही. तेवढीच एक तार आहे या घरात जी खालून वर जाते. आणि तीच तू कापायला निघालास.

— मीच सांगितलं? हो, मीच सांगितलं, मग? ऐक की पुढचं.

जिन्यातल्या दिव्याचं हे काळं बटण काही साधं नाही. तू वायरमन, तुला ठाऊक आहे, पण मला सांगू दे. साध्या बटणाचं कसं, खाली केलं की चालू, वर केलं की बंद. याचं तसं नाही. याचं वरचीनं काय करून ठेवलंय त्यावर. मी खाली केलं आणि लागला, तिनं वर जाऊन विझवला, की मग माझ्याकडे बटण खालीच आणि दिवा बंद! पहिल्या वर्षी आम्ही काय एकमेकींचा छळ केला! ती अर्ध्या जिन्यात पोचली की मी खालून विझवायची. उभे जिने हे पोळचे, दोर धरून चढायचं, दिवसासुद्धा मिट्ट काळोख. ‘कोण आहे!’ म्हणून ओरडायचीसुद्धा नाही ती, ओरडली तर बोलल्यासारखं होईल ना! तशीच अंधारात उभी राहायची. आणि मी गच्चीवर पापड घालायला निघाले की ती वरून विझवायची. एकदा माझा अख्खा परातभर पापडाचा गोळा गडगडत खाली. तेव्हा वरून हसायचा आवाज आला. तोंडात पदर कोंबून हसली तरी येतोच ना आवाज.

मग हळूहळू — कसं झालं कुणास ठाऊक, ठरवलं काहीच नाही, ठरवायला बोलावं लागतं — पण लागलं ते वळण. ती पहाटे हवेलीत ठाकोरजींच्या दर्शनाला निघते. वरून दिवा लावते, उतरते, कडी काढते. बाहेर पडताना विझवत नाही. मी पडल्या पडल्या कडीचा आवाज ऐकते, उठते, विझवते. म्हणजे तिला कळतं, भाभी उठली, जिवंत आहे. परत येते तेव्हा ओट्यावर चपला झटकते. आवाज आला की मी लावते. ती चढते, आणि वर पोचली की वरून विझवते. म्हणजे मला कळतं, पोचली, पडली नाही. डोळ्यांत मोतीबिंदू आहे तिच्या, पिकलाय, ऑपरेशन करून घेत नाही, हट्टी. उद्या जिन्यात पाय घसरला तर पोलीस माझ्याच दारात यायचे ना, म्हणून लावते हो मी दिवा! माया-बिया काही नाही. मी लावते, ती विझवते. ती लावते, मी विझवते. स्वतः लावलेला स्वतः विझवायचा नाही, असंच चाललंय.

आणि दोनदा उघडझाप केली की नळाला पाणी आलं. खाली आधी येतं ना. मी न सांगून कसं चालेल, तिच्या टाकीत पाणी नाही चढलं तर ती बादल्या घेऊन माझ्याच दारातून जाणार, डोळ्यांसमोर नको म्हणून सांगते. तीही करते दोनदा, दुपारी गच्चीवर माझे कपडे असले आणि आभाळ भरून आलं की. एकदा तर माझं लुगडं स्वतः काढून, घडी करून पायरीवर ठेवलं होतं. घडी वाकडी होती.

तीनदा मात्र — तीनदा एकदाच केलं मी. आमचे हे न्हाणीघरात पडले. मी ओरडायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. माझा! सगळ्या पोळला ऐकू जातो त्या माझा आवाज! मी भिंत धरत धरत गेले आणि बटण दाबत सुटले. तीनदा, का तेरादा, मला काय माहीत. ती आली. कणकेचे हात तसेच, अनवाणी, दोर न धरता धाडधाड उतरून. ह्यांना उचललं, दारातून रिक्षा थांबवली, दवाखान्यात माझ्याशेजारी बाकावर रात्रभर बसली. बोलली? छे! मी रडत होते, ती माझ्या हातावर हात ठेवून बसली होती, कणीक वाळून हाताला पापुद्रे सुटलेले. हे बरे होऊन घरी आले, ती वर गेली, दिवा विझवला. संपलं. त्यानंतर हे चांगली काही वर्षं झोपाळ्यावर बसून खाखरे खात होते. कुणामुळे, ते त्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक आहे. पण ‘मीठ’ म्हणाली ना ती!

थांब, डाळ ढवळते. — काय म्हणालास? गोडाऊन? कुणाचं गोडाऊन?

नाही, तू परत म्हण. साड्यांच्या खोक्यांचं. वर. आमच्या वर? दमयंतीच्या स्वयंपाकघरात साड्यांची खोकी? आणि ती कुठं जाणार? बडोद्याला. केतनकडे. कधी? — दिवाळीच्या आत. म्हणजे आलीच की दिवाळी! त्यासाठी वेगळं मीटर? खाली-वर तार नको ती त्यासाठी? आणि हे मला कोण सांगणार होतं? मला कुणी सांगायचं राहूच दे, तिला कुणी विचारलं का? बडोद्याला सातव्या मजल्यावर लिफ्टनं चढायचं, तिथं कुठला ओटा, कुठली हवेली! तिथं तिच्यासाठी जिन्यात दिवा कोण लावणार? केतन? त्याला सकाळी उठवायला दोन माणसं लागायची! लिफ्टमध्ये काय आपोआप लागतो दिवा, माणूस असलं काय नि नसलं काय. पडली कुठं तर कळणार कुणाला? ती काही ओरडायची नाही, मी सांगते तुला, ती पडून राहील पण ओरडायची नाही!

आणि मी? इथं वरून खोकी सरकवल्याचा आवाज ऐकत बसू? या पोळमध्ये संध्याकाळी अर्ध्या घरांना कुलपं असतात, सगळीकडे गोडाऊनच. माझ्या जिन्यात दिवा असेल, माझ्या मीटरवर, हो, माझा एकटीचा. मीच लावायचा आणि मीच विझवायचा. कल्पेशभाई, मला नाही रे करमायचं. खरं सांगते. भांडायला तरी कोणी हवं ना वर.

ती काय म्हणाली? तू इतका वेळ सांगत का नाहीस? — मी बोलू दिलं नाही, बरं, आता बोल. तू तिला विचारलंस, जिन्यातला दिवा कुणाच्या मीटरवर घेऊ. तर ती म्हणाली, ‘ते मी नाही सांगणार. खाली जा आणि मोटाभाभींना विचार. त्या म्हणतील तसं.’ असं म्हणाली? ‘मोटाभाभी’च म्हणाली? ‘खालची बाई’ नाही ना म्हणाली? नीट आठव. आणि मग काय केलं तिनं? बटणापाशी खुर्ची घेऊन बसलीय? अजून बसलीय?

अरे देवा. आणि तू हे मला मीटरचं म्हणून विचारतोस!

बाजूला हो. हो म्हणते ना! हे बटण कडक झालंय मेलं — हं. एक. विझवते… दोन. … तीन. आता राहू दे लागलेला.

श्श. बोलू नकोस. ती विझवते की नाही बघ. विझवला तर समजायचं, ‘कळलं, पण मी चालले’. एरवी लगेच विझवते… बघ भिंतीवर, आहे ना उजेड? आहे. मला नीट दिसत नाही, डाळीची वाफ गेलीय डोळ्यांत. अजून आहे?

… खुर्ची सरकली. ऐकलंस? खुर्चीच होती ना ती?

दार! दार उघडलं! उतरतेय ती, म्हणून विझवत नाहीये, उतरायला उजेड लागतो ना — ए, ऊठ, ऊठ झोपाळ्यावरून, ती बसेल तिथं! तुझी पिशवी घे, ती छिन्नी घे, जा तू आता. केतनला सांग, जिन्यातली तार सापडली नाही. — दिसतेय रे, मला माहितेय तुझ्या नाकासमोर पट्टीवर दिसतेय, तरी सांग! सांग, भाभु म्हणाली, आधी आईला विचार, मग गोडाऊनचं बघ, आणि मग येऊन माझ्याशी भांड. मागच्या दारानं जा. जा की! तुझ्यासमोर कशी बोलेल ती?

… दमयंती, दोर धर. ती चौथी पायरी हलते. धरलास? हळू. … बस. डाळ उकळलीय.

मीठ तू घाल.